दोन खुर्च्या आणि एक 'राहू दे'

खुर्ची आली तेव्हा सासूबाई ओट्याशी बटाटे सोलत उभ्या होत्या. उभ्या म्हणजे, एका वेळी एका पायावर. उजवा गुडघा बोलायला लागला की त्या डाव्या पायावर भार द्यायच्या, डावा कुरकुरला की उजव्यावर. हा बदल इतक्या सफाईनं चालायचा की मुलाला तो कित्येक वर्षांत दिसला नव्हता. सुनेला दिसला होता. ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत होती, आणि स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात काय काय दडलेलं आहे हे शोधण्याचाच तिला पगार मिळायचा. संध्याकाळी अंगावरचा पांढरा कोट खुंटीला अडकवता यायचा, पण ही सवय त्याच्याबरोबर अडकवून ठेवता येत नव्हती.

त्या सवयीतूनच खुर्ची आली. मागवली होती ती ओट्याशी बसून काम करता यावं इतपतच उंच, पाठ टेकायची सोय असलेली, खाली पाय ठेवायला आडवी दांडी असलेली. सुनेनं ओटा स्वतः पट्टीनं मोजून दुकानात फोनवर उंची सांगितली होती. सासूबाईंनी हात पुसले, खुर्चीभोवतीचा खाकी कागद काढला, आणि न कळवता मुक्कामाला येऊन ठेपलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं तिच्याकडे पाहिलं.

"हे कशाला गं? राहू दे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा बटाट्यांकडे वळल्या.

या शब्दांबद्दल इथं थोडं सांगायला हवं. सासूबाईंचा अर्धा संसार "राहू दे"वर चालला होता. कुणी त्यांच्या हातातली पिशवी घ्यायला पुढे आलं की "राहू दे", म्हणजे माझी मी नेते. पाहुणा ताटावर हात आडवा धरायला लागला की "राहू दे", म्हणजे वाढलंय ते मुकाट्यानं खा. मुलगा भांडी विसळायला आला की "राहू दे", म्हणजे बाजूला हो, फोडशील. आणि वादावादी रंगात आली की "राहू दे", म्हणजे विषय संपला आणि मी जिंकले. एवढं करून "नको" हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता आणि "हवं" हा तर नाहीच नाही.

त्याचा अर्थ लावण्याच्या घरात दोन पद्धती होत्या. मुलगा विमा कंपनीत नुकसानभरपाईचे अर्ज तपासायचा. दिवसभर लोकांचे अपघात वाचून आल्यावर घरी काहीही घडू नये एवढीच त्याची इच्छा असायची, त्यामुळे ज्या अर्थानं आपल्याला कमीत कमी हलावं लागेल तो अर्थ तो घ्यायचा. सून शास्त्र शिकलेली. लग्नानंतर सुरुवातीला तिनं सासूबाईंचा स्वर, हात आणि भुवया यांच्याकडे बारकाईनं लक्ष देऊन पाहिलं होतं. पण एकाच स्वराचे दोन अर्थ आणि दोन स्वरांचा एकच अर्थ निघायला लागल्यावर तिनं तो नाद सोडला आणि स्वतःपुरता एक नियम केला: आईंचं "राहू दे" म्हणजे "हवंय, पण मी मागणार नाही."

या नियमानं घरात पीठ मळायचं यंत्र आलं. मग भाजी चिरायचं आलं. मग भांडी धुणारं आलं. दर वेळी सासूबाई "राहू दे" म्हणाल्या, दर वेळी सुनेनं वस्तू आणली, आणि दर वेळी ती उत्तम चालली. नियम खोटा ठरावा असं काही घडलं नव्हतं.

मग, खुर्ची येण्याच्या काही दिवस आधी, जेवताना सासूबाईंनी मीठ मागावं तितक्या सहज सांगितलं की त्या आता धाकट्या बहिणीकडे जाणार आहेत. बहीण दुसऱ्या गावी एकटीच होती. तिच्या घरामागे भाजीचे वाफे होते, दाराशी मांजर होतं, आणि यंत्र एकही नव्हतं. "पुढच्या महिन्यात जाते तिच्याकडे राहायला," त्या म्हणाल्या. मुलगा म्हणाला, जा की, तेवढाच बदल. सुनेला मात्र एक शब्द खटकला. सासूबाई "चार दिवस" म्हणाल्या नव्हत्या. "राहायला" म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची मोठी बॅग खाली उतरून त्यांच्या पलंगाखाली सरकलेली तिनं पाहिली.

तिनं कारण शोधलं. गुडघे. इथं दिवसभर उभं राहून त्या थकतात म्हणून जाताहेत. मग उपायही उघड होता: त्यांना बसतं करायचं. निदान साफ चुकीचं होतं, पण ते करण्याची पद्धत निर्दोष होती. प्रयोगशाळेतही असं कधी कधी होतं.

आलेली खुर्ची भलतीच उंच निघाली. दुकानाच्या गल्ल्यामागे बसणाऱ्यांसाठी ती बनवलेली असावी. सुनेच्या आग्रहाखातर सासूबाई एकदा तिच्यावर चढल्या. त्यांचे पाय दांडीच्याही वर लोंबकळत राहिले आणि ओटा कुठंतरी खाली, गुडघ्यांच्या आसपास आला. "इथून बटाटा सुटला की तो पडताना बघत बसायचं," त्या म्हणाल्या. मुलानं त्यांना धरून खाली उतरवलं. सुनेनं दुकानात फोन करून उंची पुन्हा सांगितली. दुकानानं चूक मान्य केली. योग्य खुर्ची येईल आणि आणणारा माणूसच ही घेऊन जाईल, असं ठरलं. दिवसभर घरी सासूबाईच असत, म्हणून दुकानाला त्यांचाच फोन नंबर दिला होता. पुढचं सगळं त्यामुळे त्यांच्याच हातून घडलं.

योग्य खुर्ची एका दुपारी आली. लिफ्ट दुरुस्तीला होती आणि घर अगदी वरच्या मजल्यावर. टेम्पोवाला जाडजूड, अदबशीर माणूस होता. खुर्ची खांद्यावरून उतरवल्यावर त्याला बराच वेळ बोलताच आलं नाही, नुसता दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. सासूबाईंनी त्याला पाणी दिलं. दम थोडा खाली बसल्यावर त्यानं आत डोकावून पाहिलं.

"आजी, ती उंचवाली नेऊ ना खाली?"

सासूबाईंनी त्याच्या घामानं भिजलेल्या शर्टाकडे पाहिलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. म्हणजे आधी टेक जरा, इतकी कसली घाई, आणि माणूस घरी आलाय तर काहीतरी खाऊन जाईल. हे सगळं त्या दोन शब्दांत आलं, असं त्यांना वाटलं, आणि त्या बशी भरायला आत वळल्या.

टेम्पोवाल्यानं फक्त ते दोन शब्द घेतले. एवढे जिने ओझं घेऊन उतरायचं टळलं, या आनंदात तो हलक्या पावलांनी खाली गेला आणि दुकानात जाऊन सांगता झाला की आजींनी दोन्ही ठेवून घेतल्या. सासूबाई बशी घेऊन बाहेर आल्या तेव्हा दारात कुणी नव्हतं.

संध्याकाळी सून घरी आली तर स्वयंपाकघरात दोन खुर्च्या शेजारी शेजारी उभ्या, एक उंच, एक बुटकी, जोडप्याच्या जुन्या फोटोसारख्या. सासूबाई त्यांच्याकडे पाठ करून ओट्याशी. खुर्च्या दोन कशा, यापेक्षा माणूस उपाशी गेला याचंच त्यांना वाईट वाटत होतं. सुनेनं ठरवलं की उद्या दुकानात फोन करायचा. पण दुसऱ्या दिवशी शहराच्या एका भागात नळाला पिवळसर पाणी आलं, प्रयोगशाळेत बाटल्यांचा ढीग लागला, आणि खुर्ची तिच्या डोक्यातून गेली.

दुकानाच्या व्यवस्थापकाच्या डोक्यातून मात्र गेली नव्हती. तो बोलका गृहस्थ होता. त्यानं सासूबाईंना फोन करून जोडी निवडल्याबद्दल त्यांच्या दृष्टीचं कौतुक केलं. जोडीबरोबर दुकानाकडून एक उंच टेबल भेट असतं, त्यातलं हे शेवटचं उरलेलं, त्यानं ते आजींच्या नावानं बाजूला काढून ठेवलंय, आणि आत्ता नेमकं एक गिऱ्हाईक समोर उभं राहून तेच मागतंय, असं तो सांगत गेला. इकडे सासूबाईंचं लक्ष दुधाकडे होतं. दूध कडेपर्यंत चढलं होतं.

"तर मग त्यांना देऊन टाकू का?" त्यानं विचारलं.

"राहू दे," असं म्हणून सासूबाईंनी फोन ठेवला आणि गॅस बंद केला. म्हणजे ते टेबल-बिबल जे काय असेल ते माझ्यापर्यंत आणू नका. व्यवस्थापकानं समोरच्या गिऱ्हाइकाला नम्रपणे परत पाठवलं.

रात्री जेवताना त्यांनी सुनेला सांगितलं की दुकानातला माणूस होता, टेबल टेबल करत होता, मी "राहू दे" म्हटलं. सून म्हणाली, बरं केलंत. ज्यानं दोघींनाही समाधान मिळालं असा त्या घरातला हा पहिलाच गैरसमज असावा.

टेबल आलं त्या दिवशी मुलगा सर्दीमुळे घरी होता. दार उघडतो तर समोर टेम्पोवाला आणि त्याच्यापुढे टेबल: उंच, अरुंद, पाय खाली फाकलेले, नुकत्याच उभ्या राहू लागलेल्या वासरासारखं. मुलानं टेबल मागवलं नव्हतं, पण आपण न मागवलेल्या वस्तू घरात येण्याची त्याला सवय होती. खात्री म्हणून त्यानं आईला हाक मारली. ती स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर बोलत होती. बहीण विचारत होती की गाडी कधी पाठवू, आणि त्यावर काय बोलावं ते आईला सुचत नव्हतं.

"आई, हे टेबल ठेवून घेऊ ना?"

आईनं फोनवर हात ठेवला. "राहू दे रे आत्ता," ती म्हणाली. म्हणजे मी बोलतेय, नंतर विचार. मुलानं टेम्पोवाल्याला सांगितलं, आई म्हणतेय राहू दे. टेम्पोवाल्याला या आजी एव्हाना चांगल्याच ओळखीच्या झाल्या होत्या. तो मान डोलावून गेला.

मुलगा इथं थांबला असता तरी निभावलं असतं. पण त्याला वाटलं, बायको येण्याआधी टेबल जागेवर लावून टाकावं, तिला बरं वाटेल. त्यानं ते ढकलत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेलं. वरची फळी दारातून सहज जाईल एवढीच होती. पुढचे फाकलेले पाय चौकटीला अडले, तेव्हा त्यानं शिंक आवरली आणि जोर लावला. पाय आत दबले, चौकट ओलांडून गेले, आणि पलीकडे जाऊन पुन्हा फाकले. मागचे पाय अलीकडच्या बाजूला चौकटीला टेकले. आता टेबल पुढेही जाईना आणि मागेही येईना. आई आत होती.

सून घरी आली तेव्हा नवरा पट्ट्यानं टेबलाचे पाय आवळायचा प्रयत्न करत होता. पट्टा आवळला की चौकट कुरकुरायची, म्हणून त्यानं तो सोडला होता आणि पुन्हा लावला होता.

"सदर टेबल स्वयंपाकघरात नेण्यात येत असताना..." त्यानं सुरुवात केली.

"अर्जासारखं नको. नीट सांग."

त्यानं नीट सांगितलं. तिनं वाकून सगळे पाय आणि चौकटीच्या दोन्ही कडा पाहिल्या. आत कसं गेलं, तिनं विचारलं. जोर लावून, तो म्हणाला. मग उलटा जोर लाव. तो म्हणाला, लावून पाहिला, चौकटच निघायला लागते, आणि आत आई आहे. टेबलाचे पाय तरी सुटत असतील, ती म्हणाली. त्यानं टेबलाला लटकवलेलं कागदी चिटोरं तिच्यापुढे धरलं. त्यावर दुकानानं अभिमानानं छापलं होतं की या टेबलात एकही स्क्रू नाही.

शेवटी नवरा सुताराला आणायला बाहेर पडला. सुनेनं टेबलाखालून आत पाहिलं. पलीकडे सासूबाईंची पावलं दिसत होती, त्यातलं एक जमिनीवर नुसतं टेकवलेलं. गुडघ्यांमुळे त्यांना वाकून बाहेर येणं शक्यच नव्हतं. मग तिनं पर्स बाहेर ठेवली, खाली बसली, आणि टेबलाच्या फाकलेल्या पायांमधून रांगत, फळीला डोकं आपटून घेत, आत शिरली.

"अगं, तू कशाला आलीस? आता दोघी अडकलो," सासूबाई म्हणाल्या. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. खुर्च्या जिथं होत्या तिथंच, दोन्ही रिकाम्या.

"तुम्ही दुपारपासून उभ्याच आहात?"

सासूबाईंनी ओट्यावरचं फडकं सरळ केलं.

"इथं दोन दोन खुर्च्या आहेत, आई. एकीवर तरी बसायचं."

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या.

तो नेहमीचाच स्वर होता. पण नेहमी सून हे ऐकायची तेव्हा तिच्या हातात एखादी पिशवी असायची, किंवा खोकं, किंवा निघायची घाई असायची. आज तिला कुठं जाताच येत नव्हतं. ती ओट्यापाशी जाऊन सासूबाईंच्या समोर उभी राहिली.

"का?" तिनं विचारलं.

सासूबाईंनी पाय बदलला. "पीठ ते यंत्र मळतं. भाजी हे यंत्र चिरतं. भांडी त्या कोपऱ्यातलं धुतं," त्या म्हणाल्या. "माझ्या वाट्याला इथं उभं राहणं तेवढं उरलंय. तेही खुर्चीला देऊन टाकलं तर मी या घरात आहे कशाला? बसून राहायचं तर मग बहिणीकडे बसते. तिच्याकडे निदान पालेभाजी निवडायला लागते."

एवढी वर्षं सुनेनं जे जे त्यांच्यासाठी म्हणून आणलं होतं, ते ते त्यांच्याकडून काढून घेत आणलं होतं. ओट्यावर ती सगळी यंत्रं ओळीनं उभी होती, पुसलेली, चकचकीत. त्यांच्याकडे बघवेना, म्हणून तिनं सासूबाईंकडे पाहिलं.

"मी यंत्रं का आणली माहितेय? मी दमून घरी येते तेव्हा तुम्ही कायम ओट्याशी असता. पाठमोऱ्या. मी बोलते, तुम्ही कढईकडे बघून हं म्हणता. तुमचं काम लवकर आटोपलं तर तुम्ही जरा वळाल, असं वाटायचं. लग्न झाल्यापासून मला तुमची पाठच पाठ झालीय, आई."

सासूबाईंना हसू आलं. ते त्यांनी पदराआड लपवलं नाही, कारण हात मोकळा नव्हता. त्या ओट्याला धरून होत्या. मग त्यांनी डोळ्यांच्या कडा पुसल्या, त्यासाठी मात्र एक हात सोडावा लागला, आणि तोल जाऊ नये म्हणून त्यांनी बुटक्या खुर्चीची पाठ धरली. पाठ धरल्यावर बसणं एका हाताच्या अंतरावर होतं. त्या बसल्या. ओटा बरोबर कोपरांच्या उंचीला आला.

"मटार सोलायचे राहिलेत," त्या म्हणाल्या. "त्याचं यंत्र आणलंयस का?"

नव्हतं आणलं. सुनेनं परडी त्यांच्यापुढे ठेवली आणि दुसरी खुर्ची ओढली. सून चांगली उंच होती. गल्ल्यामागची ती भलती खुर्ची तिला अगदी मापाची झाली, पाय दांडीवर टेकले. सोलता सोलता सासूबाई बोलायला लागल्या: टेम्पोवाल्याचं, व्यवस्थापकाचं, उतू जाता जाता राहिलेल्या दुधाचं. प्रत्येक "राहू दे" कुठं आणि का म्हटलं ते त्या सांगत गेल्या आणि टेबल घरात कसं आलं ते सुनेला टप्प्याटप्प्यानं कळत गेलं. मधेच ती इतकी हसली की शेंगा खाली सांडल्या.

बाहेर नवरा सुताराला घेऊन आला होता. सुतार पातळ मिशांचा, हळवा माणूस होता. त्याला लाकूड बघून वाईट वाटलं. त्यानं फळीवरून हात फिरवला, पाय वाजवून पाहिले, आणि असलं काम आता कुणी करत नाही असं दोनदा सांगितलं. मग सुस्कारा टाकला.

"पाय कापावे लागतील."

"कोणाचे?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"टेबलाचे, आई," मुलगा म्हणाला आणि शिंकला.

सुतार खाली बसला. करवतीची पात त्यानं पायावर टेकवली, पण ती ओढायला त्याचा हात होईना. एवढं चांगलं लाकूड, घरातल्या मोठ्या माणसानं एकदा हो म्हटलं की बरं, असं म्हणून तो कानोसा घेत थांबला.

आत सुनेचं करवतीकडे लक्ष नव्हतं. तिला त्या बॅगेबद्दल विचारायचं होतं आणि ते आत्ता विचारलं नाही तर उद्या पुन्हा तिच्यापुढे पाठ असेल, असं तिला वाटलं. तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

"आई, मावशींकडे खरंच जायचंय तुम्हाला?"

सासूबाईंच्या हातातली शेंग अर्धी उघडली आणि तशीच राहिली. बहीण एकटी होती, वाट बघत होती, गाडीही पाठवणार होती. त्यांनी परडीकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

सुनेनं आपला नियम लावला नाही. "राहू दे म्हणजे काय?"

"म्हणजे..." सासूबाईंना स्वतःलाच तो शब्द सोडवून दाखवायची सवय नव्हती. "म्हणजे मला राहू दे. इथं. आणि तिच्याकडे जाऊन येईन की चार दिवस."

सून खुर्चीवरून उतरली. तिनं काय केलं ते दाराबाहेरून दिसत नव्हतं, टेबल आड येत होतं. परडी कलंडल्याचा आणि मटार घरंगळल्याचा आवाज मात्र आला.

दाराबाहेर सुतारानं करवत उचलली आणि पिशवीत घातली.

"काय झालं?" मुलानं विचारलं.

"राहू दे म्हणाल्या."

"कोण?"

"मोठ्या बाई. स्पष्ट ऐकलं मी. दोनदा म्हणाल्या." सुताराच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद होता. त्यानं फळीवर एकदा प्रेमानं हात ठेवला, मन बदललं तर सकाळी बोलवा म्हणाला, आणि मुलानं काही विचार करायच्या आत जिना उतरायला लागला. विचार करून तरी मुलगा वेगळं काय करणार होता. आई राहू दे म्हणाली की राहू द्यायचं, ही त्याची आजवरची पद्धत होती.

सुतार गेलाय हे आतल्या दोघींना बऱ्याच उशिरानं कळलं, कारण त्या खाली पडलेले मटार वेचत होत्या; म्हणजे सून वेचत होती आणि सासूबाई बसल्या जागेवरून कुठं कुठं गेले ते दाखवत होत्या. त्याला परत बोलवायलाच हवं होतं, निदान झोपायची वेळ होण्याआधी. पण सासूबाईंच्या मते रिकाम्या पोटी सुतारामागे धावण्यात अर्थ नव्हता. त्यांनी बसल्या बसल्याच स्वयंपाक उरकला. मीठ, तेल, झाकण, काय हवं ते त्या सांगत गेल्या आणि सून हाताशी देत गेली. पुष्कळदा भलतंच देत होती.

मग अडकलेल्या टेबलावर आतल्या बाजूनं एक ताट सरकत सरकत बाहेर आलं.

"जेवून घे," आई म्हणाली. "आणि नाक पूस."

मुलानं आजूबाजूला पाहिलं. टेबल छान उंच होतं, ताट ऐन हातापाशी आलं होतं. खुर्च्या तेवढ्या दोन्ही आत होत्या. त्यानं वाकून टेबलाखालून पाहिलं, तर पलीकडे दोघी समोरासमोर बसलेल्या, आणि त्यांचं काहीतरी बोलणं चाललेलं. तिसरी मागवावी का, असं विचारायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण त्याला काय उत्तर येईल ते त्याला माहीत होतं, आणि त्याचा अर्थ काय हे विचारायचा धीर आज त्याच्यात नव्हता.

तो उभ्यानंच जेवला. अर्ध्या जेवणात उजवा पाय भरून आला, तेव्हा त्यानं डाव्यावर भार दिला.